पालक आणि तान्हे बाळ आपल्या घरी: इंग्लंडमध्ये पालक-बाळ फॉस्टर केअरर होण्याची वाट

इंग्लंडमध्ये फॉस्टरिंगची, म्हणजे आईवडिलांकडे राहू न शकणाऱ्या मुलाला काही काळ आपल्या घरी सांभाळण्याची, चौकशी करायला जाणाऱ्यांच्या मनात बहुधा आईवडिलांपासून दूर झालेले एक मूल असते. येथील सोशल वर्कर जिला ‘पेरेंट अँड चाइल्ड’ प्लेसमेंट म्हणतात त्या व्यवस्थेचा हेतू नेमका उलटा आहे. मूल आईवडिलांपासून तोडावे लागू नये, निदान तसा निर्णय घाईने घेतला जाऊ नये, यासाठी बाळासोबत त्याची आई, कधी वडील आणि क्वचित दोघेही केअररच्या घरी राहायला येतात. बाळाला पाजणे, धुणे-पुसणे, निजवणे हे काम पालकाचे असते. त्या कामात पालकाला शिकवणे, धीर देणे, बाळाच्या सुरक्षिततेवर नजर ठेवणे आणि जे दिसले ते जसेच्या तसे लिहून ठेवणे, एवढे केअररचे. पुढील माहिती फक्त इंग्लंडपुरती आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथील नियम वेगळे आहेत.

येणाऱ्या पालकांची परिस्थिती एकसारखी नसते. काही मुली सोळा-सतरा वर्षांच्या, स्वतःच केअरमध्ये, म्हणजे सरकारी देखरेखीखाली, वाढलेल्या असतात आणि त्यांना आईपण कसे असते हे जवळून पाहायलाच मिळालेले नसते. काहींना शिकण्याची अक्षमता असते, काही हिंसक जोडीदारापासून नुकत्याच सुटलेल्या असतात, काही व्यसनातून बाहेर पडत असतात, तर काहींची आधीची मुले कोर्टाच्या आदेशाने दुसरीकडे गेलेली असतात. व्यवस्था कधी १९८९ च्या चिल्ड्रेन ॲक्टच्या कलम २० खाली पालकाच्या संमतीने होते, तर कधी कोर्टाच्या अंतरिम केअर ऑर्डरखाली, म्हणजे अंतिम निकालापर्यंत बाळाची जबाबदारी काउन्सिललाही (स्थानिक प्रशासनाला) देणाऱ्या आदेशाखाली. या दोहोंतला फरक सुरुवातीलाच नीट समजून घ्यावा, कारण पुढे एखाद्या अवघड रात्री तोच कामाला येतो. कोर्टातील प्रकरण साधारणपणे २६ आठवड्यांत निकाली काढावे असे २०१४ पासून कायद्यात आहे आणि पालकाचे मूल्यमापन त्याच मुदतीत बसवायचे असते. म्हणून अनेक प्लेसमेंट बारा आठवड्यांच्या आसपास ठरवल्या जातात. प्रत्यक्षात काही लवकर संपतात आणि काही बऱ्याच लांबतात.

अर्ज करण्यापूर्वी स्वतःला विचारण्याचा प्रश्न ‘मला बाळे आवडतात का’ हा नव्हे. बाळांचा फार लळा असलेला माणूस या कामात अडचणीचाही ठरू शकतो. पहाटे तीनला बाळ रडते आहे, आई उठायला वेळ लावते आहे, बाळाला धोका काही नाही. अशा वेळी आपण दाराबाहेर थांबू शकतो का? आपल्या मराठी घरांत बाळंतिणीला आराम द्यायचा आणि बाळाचे न्हाणे-माखणे आजीने किंवा अनुभवी बाईने उरकायचे, ही रीत मायेचीच आहे. पण येथे तीच पाळली, तर सहा आठवड्यांनी आईने स्वतः बाळाला किती वेळा आंघोळ घातली असे सोशल वर्करने विचारल्यावर सांगण्यासारखे काहीच उरत नाही, आणि त्याचा तोटा आईलाच होतो. हात आवरणे हे या कामातले सर्वांत अवघड कौशल्य आहे असे माझे मत आहे. ते प्रशिक्षणाने थोडे येते, स्वभावात असले तर लवकर येते.

दुसरा प्रश्न घरातल्या इतरांना विचारायचा. एक प्रौढ, अनोळखी आणि बहुधा घाबरलेली व्यक्ती आपल्या स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, दिवाणखान्यात वावरणार आहे, आणि ती आपल्याकडे मदतनीस म्हणून पाहील की पहारेकरी म्हणून, हे पहिले काही दिवस तिचे तिलाही ठरवता येत नाही. घरात सासू-सासरे किंवा मोठी मुले असतील तर त्यांची केवळ संमती पुरत नाही. त्यांनाही काही सवयी बदलाव्या लागतात. उदाहरणार्थ, त्या पालकासमोर आपापसांत मराठीत बोलणे टाळावे. विषय भाजीचा असला तरी ऐकणाऱ्याला तो आपल्याविषयीच आहे असे वाटते.

पात्रतेच्या अटी लोकांना वाटतात तितक्या कडक नाहीत. साधारणपणे वय २१ पूर्ण असावे लागते, येथील कायमचा निवास किंवा नागरिकत्व असावे लागते आणि एक मोकळी खोली लागते. घर मालकीचे असण्याची गरज नाही, लग्न झालेले असण्याची नाही, स्वतःची मुले असण्याचीही नाही. मात्र पालक-बाळ प्लेसमेंटसाठी बहुतेक फॉस्टरिंग सेवा मुख्य केअररने बाहेर नोकरी करू नये अशी अपेक्षा ठेवतात, कारण पहिल्या आठवड्यांत घरात चोवीस तास कोणीतरी मान्यताप्राप्त केअरर लागतो. तान्ह्या बाळांच्या बाबतीत घरात कोणी धूम्रपान करत असल्यास बहुधा नकार मिळतो. कुत्रा-मांजर असल्यास त्यांचेही मूल्यमापन होते.

अर्ज कोठे करायचा, हा निर्णय घाईने घेऊ नये, कारण एका वेळी एकाच फॉस्टरिंग सेवेची मान्यता घेता येते. आपल्या भागातील काउन्सिलकडे थेट जाता येते किंवा एखाद्या स्वतंत्र फॉस्टरिंग एजन्सीकडे. एजन्सीचे मानधन अनेकदा जास्त असते. काउन्सिलकडून स्थानिक पालक येण्याची आणि त्यामुळे भेटीगाठी, कोर्ट, दवाखाना जवळ असण्याची शक्यता जास्त असते. दोन्हीकडे विचारायचे प्रश्न मात्र तेच: गेल्या वर्षभरात तुमच्याकडे पालक-बाळ प्लेसमेंट किती झाल्या, रात्री दोन वाजता फोन केला तर उचलणारी व्यक्ती या कामाची जाणकार असते का, मला विश्रांती हवी असेल तेव्हा घरी कोण येईल, आणि दोन प्लेसमेंटच्या मधल्या रिकाम्या काळात काही मिळते का. ऑफस्टेड या सरकारी तपासणी संस्थेचा एजन्सीविषयीचा अहवाल सर्वांना वाचायला उपलब्ध असतो. तो वाचूनच पहिला फोन करावा.

अर्जदाराच्या मूल्यमापनाचे दोन टप्पे असतात आणि ते एकाच वेळीही चालू शकतात. पहिल्यात कागदपत्रांची तपासणी होते: घरातील अठरा वर्षांवरील व्यक्तींची वर्धित डीबीएस तपासणी (गुन्ह्यांच्या नोंदींची), जीपीकडून (आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडून) वैद्यकीय अहवाल, ओळखीच्या व्यक्तींचे संदर्भ, पूर्वी कोठे फॉस्टरिंगसाठी अर्ज केला होता का याची माहिती. भारतात किंवा अन्य देशांत काही काळ राहिलेल्यांना तेथील पोलिसांचे प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते; ते मिळायला वेळ लागतो, म्हणून विचारण्याआधीच त्याची तयारी केलेली बरी. दुसऱ्या टप्प्यात सोशल वर्कर अनेक वेळा घरी येतो आणि आपले बालपण, वैवाहिक जीवन, झालेली दुःखे, राग आल्यावर आपण काय करतो, आपल्याला कसे वाढवले गेले आणि त्यातले काय आपण नाकारले, हे सगळे विचारतो. त्यावरून जो सविस्तर अहवाल तयार होतो त्याला बहुतेक ठिकाणी ‘फॉर्म एफ’ म्हणतात. आपल्याकडे घरातल्या गोष्टी बाहेर सांगण्याचा संकोच असतो आणि तो समजण्यासारखा आहे. तरीही येथे ‘आमचे सगळे छान आहे’ एवढेच सांगणारे कुटुंब मूल्यमापकाला काळजीत टाकते. एखाद्या कठीण काळातून आपण कसे बाहेर पडलो हे मोकळेपणाने सांगता आले तर ते बलस्थान ठरते.

याच काळात ‘स्किल्स टू फॉस्टर’ हे प्राथमिक प्रशिक्षण होते. पालक-बाळ कामासाठी त्यावर वेगळे प्रशिक्षण असावे लागते: निरीक्षण आणि नोंदी, प्रौढ व्यक्तीला शिकवण्याची रीत, घरगुती हिंसाचार आणि व्यसन यांची चिन्हे, बाळंतपणानंतरचे नैराश्य, तान्ह्या बाळाचे प्रथमोपचार. काही सेवा आधी एक-दोन वर्षे साधे फॉस्टरिंग करायला सांगतात. नर्सरी, सुईणकाम किंवा परिचर्या यांचा अनुभव असलेल्यांना काही ठिकाणी थेट घेतले जाते. मला पहिली वाट अधिक योग्य वाटते, कारण नोंदी लिहिण्याची आणि सोशल वर्करबरोबर काम करण्याची सवय आधीच लागते.

अर्जापासून निर्णयापर्यंत साधारण सहा ते आठ महिने लागतात. शेवटी अहवाल फॉस्टरिंग पॅनलपुढे, म्हणजे सेवेने नेमलेल्या समितीपुढे, जातो. तेथे अर्जदाराला उपस्थित राहता येते आणि राहावेच. पॅनल शिफारस करते. अंतिम निर्णय सेवेचा निर्णयाधिकारी घेतो. निर्णय प्रतिकूल होणार असे कळवले गेले तर २८ दिवसांत त्या सेवेकडे म्हणणे मांडता येते किंवा स्वतंत्र पुनर्विलोकन यंत्रणेकडे दाद मागता येते. मान्यता मिळाली तर मान्यतेच्या अटींत पालक-बाळ प्लेसमेंटचा उल्लेख आहे का हे पाहावे. कायद्यातली एक बारीक गोष्टही लक्षात ठेवावी. एका घरी सहसा तीनपर्यंतच फॉस्टर मुले ठेवता येतात, परंतु अठरा वर्षांवरील आई ही फॉस्टर मूल नसल्याने त्या संख्येत ती धरली जात नाही. फॉस्टरिंगचे नियमही मुलासाठी लिहिलेले असल्यामुळे तिच्या बाबतीतले बरेच काही त्यांत सापडत नाही, आणि म्हणूनच तिच्याबरोबरचा लेखी करार इतका महत्त्वाचा होतो.

घराची तयारी फार खर्चाची नसते. खोलीत मोठ्या माणसाचा पलंग आणि बाळाची कॉट दोन्ही मोकळेपणाने मावावीत. औषधे आणि घरातली दारू कुलपात असावी, स्मोक अलार्म चालू असावेत, गाडीत मागे तोंड करून बसवण्याची बाळाची सीट असावी. पालकासाठी फ्रिजमध्ये एक कप्पा आणि स्वयंपाकघरात एक कपाट मोकळे ठेवले की पहिल्या दिवसाचा संकोच बराच कमी होतो.

पैशाविषयी स्पष्ट असावे. मुलासाठीच्या भत्त्याचा किमान दर सरकार दरवर्षी ठरवते. पालक-बाळ प्लेसमेंटचे मानधन त्याहून जास्त असते, पण ते सेवेनुसार बदलते. फॉस्टर केअरर कराच्या दृष्टीने स्वयंरोजगारी मानले जातात आणि त्यांना ‘क्वालिफाइंग केअर रिलीफ’ ही सवलत मिळते. पालक-बाळ व्यवस्थाही तिच्यात येते. २०२४-२५ साठी एका घरामागे १९,३६० पौंडांपर्यंतची रक्कम आणि त्यावर प्रत्येक मुलामागे आठवड्याचा ठरावीक आकडा करमुक्त होता. आईचा कपडालत्ता, फोन, प्रवास कोणी द्यायचा आणि ती स्वतःच्या युनिव्हर्सल क्रेडिटमधून (सरकारी भत्त्यातून) काय देणार, हे प्लेसमेंटच्या आधी कागदावर हवे, नाहीतर पहिले भांडण डायपरच्या पुड्यावरून होते.

प्रत्यक्ष फोन येतो तेव्हा बहुधा घाई असते. बाळ इस्पितळात असते आणि उद्या दुपारपर्यंत जागा हवी असते. तरीही हो म्हणण्यापूर्वी काही गोष्टी विचारायच्याच. कायदेशीर आधार कोणता? पालकत्वाची जबाबदारी, म्हणजे बाळाविषयी निर्णय घेण्याचा कायदेशीर अधिकार, कोणाकडे आहे? नेमका धोका कशाचा वाटतो आहे: दुर्लक्षाचा, इजेचा, की बाहेरच्या कोणा व्यक्तीचा? त्या व्यक्तीला आपला पत्ता कळण्याची शक्यता किती? आईची औषधे, व्यसनाच्या चाचण्या, पूर्वीची हिंसक वर्तणूक यांची माहिती काय? आईचे मूल्यमापन कोण करणार? केअरर मूल्यमापक नसतो, ते काम सोशल वर्करचे किंवा कोर्टाने नेमलेल्या तज्ज्ञाचे. ही रेषा पुसट झाली की केअररवर नको तो भार येतो. आणि शेवटचे म्हणजे, आई निघून गेली तर बाळ माझ्याकडे राहणार का? ‘ते तेव्हा पाहू’ हे उत्तर स्वीकारू नये.

त्यानंतर प्लेसमेंट नियोजनाची बैठक होते आणि तेथे देखरेखीची पातळी ठरते. सुरुवातीला बहुधा आई आणि बाळ कधीच एकटे नसतात. रात्रीसुद्धा केअररने ठरलेल्या वेळी डोकावायचे असते किंवा बेबी मॉनिटर वापरायचा असतो, तोही आईला सांगून आणि लेखी ठरवून, चोरून कधीच नाही. मग आई एका खोलीत, केअरर दुसऱ्या खोलीत. पुढे आई बाळाला घेऊन दुकानापर्यंत. त्यानंतर दुपारभर बाहेर. देखरेख कमी करण्याचा निर्णय सोशल वर्करने घ्यायचा आणि लेखी कळवायचा असतो. ‘आता ती छान करते आहे’ असे आपल्याला वाटले म्हणून आपणच सैल सोडणे ही या कामातली नेहमीची आणि महागात पडणारी चूक आहे. त्याच बैठकीत पाहुणे, जोडीदाराच्या भेटी, घरी परतण्याची वेळ, धूम्रपान, स्वयंपाक आणि सफाई यांविषयीचा करार करून घ्यावा, आणि तो आईला तिच्या समजेल अशा भाषेत वाचून दाखवावा.

बाळाच्या सुरक्षिततेच्या काही गोष्टींत मात्र हात आवरण्याचा नियम लागू होत नाही. बाळाला प्रत्येक झोपेला पाठीवर, सपाट आणि मोकळ्या कॉटमध्ये, उशी किंवा जाड पांघरुणाशिवाय झोपवायचे. पहिले सहा महिने पालकाच्याच खोलीत. खोलीचे तापमान १६ ते २० अंश सेल्सियस. बाळाला घेऊन सोफ्यावर डुलकी घेणे विशेष धोक्याचे आहे. बाटलीचे दूध तयार करताना पाणी उकळून अर्ध्या तासाहून जास्त ठेवू नये, म्हणजे ते ७० अंशांच्या खाली जात नाही आणि पावडरीतले जंतू मरतात. आणि रडणे: बाळाचे रडणे पहिल्या आठवड्यांत वाढत जाऊन सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास सर्वाधिक होते, मग उतरते. हे आईला आधीच सांगितलेले असले तर ‘मलाच जमत नाही’ ही भावना कमी होते. सहन होईनासे झाले तर बाळाला कॉटमध्ये सुरक्षित ठेवून काही मिनिटे खोलीबाहेर जाणे योग्य आहे आणि बाळाला कधीही गदागदा हलवायचे नाही, हे तिला पुन्हा पुन्हा आणि ओरडा न वाटेल अशा सुरात सांगावे लागते. शिकवण्याची उत्तम रीत म्हणजे एकदा करून दाखवणे, एकदा बरोबर करणे आणि मग शेजारी नुसते बसून राहणे.

रोजची नोंद हा या कामाचा कणा आहे. कोर्टात ती वाचली जाऊ शकते, केअररला साक्षीला बोलावले जाऊ शकते, आणि आईचा वकील प्रत्येक शब्द तपासतो. ‘आईचे बाळाकडे लक्ष नव्हते’ हे मत झाले. ‘६.१० ला बाळ रडू लागले; आई पलंगावर फोन पाहत होती; ६.२० आणि ६.३० ला मी आठवण केली, ६.४० ला तिने दूध तयार केले आणि बाळाला मांडीवर घेऊन पाजले’ ही नोंद झाली. चांगले दिसलेलेही तितक्याच तपशिलाने लिहावे: ती बाळाशी काय बोलली, त्याची भूक तिने रडण्याआधीच कशी ओळखली. आपण काय मदत केली हेही लिहावे, कारण मदतीविना काय जमते हे मूल्यमापकाला कळायला हवे. नोंदी आईला नियमितपणे दाखवाव्यात. आपल्याविषयी काय लिहिले जाते आहे हे तिला कोर्टातच पहिल्यांदा कळावे, याहून मोठा विश्वासघात दुसरा नाही.

आता ती अवघड रात्र. रात्री दहाला जोडीदाराशी फोनवर भांडण होते आणि आई बाळाला उचलून निघते. ती प्रौढ आहे. तिला स्वतःला कोणी अडवू शकत नाही. बाळ कलम २० खाली असेल तर पालकत्वाची जबाबदारी असलेली आई त्याला केव्हाही घेऊन जाऊ शकते. अंतरिम केअर ऑर्डर असेल तर काउन्सिलच्या परवानगीविना तिला तसे करता येत नाही. दोन्ही परिस्थितींत केअररने दारात झटापट करायची नसते. शांतपणे बोलत राहायचे, बाळाला येथे ठेवून जाण्याचा पर्याय पुढे करायचा आणि त्याच वेळी रात्रपाळीच्या सोशल वर्करला फोन लावायचा. बाळाच्या जिवाला तातडीचा धोका दिसत असेल, उदाहरणार्थ आई नशेत असेल, तर आधी ९९९ या आपत्कालीन क्रमांकावर फोन. पोलिसांना त्याच चिल्ड्रेन ॲक्टच्या कलम ४६ खाली बाळाला जास्तीत जास्त ७२ तास संरक्षणात घेता येते. बाळ ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्या सुरक्षिततेसाठी वाजवी ते करावे अशी मुभा कायदा देतो, पण वाजवी म्हणजे काय हे आपल्या सेवेकडून आधीच लेखी घेऊन ठेवलेले बरे. या कामात केअररवर आरोप होण्याची शक्यताही इतर फॉस्टरिंगपेक्षा जास्त असते. आरोप झाल्यास स्वतंत्र आधार मिळण्याची तरतूद आहे, तिची माहिती पहिल्याच दिवशी विचारून घ्यावी.

शेवट तीन प्रकारे होतो. आई बाळाला घेऊन स्वतःच्या घरी किंवा आधार असलेल्या निवासात जाते. कधी दोघे दुसऱ्या ठिकाणी पुढच्या मूल्यमापनासाठी जातात. आणि कधी आई एकटी निघते. तिसऱ्या प्रसंगी बाळ काही काळ आपल्याकडेच राहिले तर आपण साध्या फॉस्टरिंगच्या भूमिकेत येतो आणि मग हात आवरायचा नसतो. आईची बाळाशी भेट मात्र ठरवल्याप्रमाणे सुरू राहते, आणि तिच्याशी पूर्वीइतक्याच सभ्यतेने वागणे हे बाळासाठीच आवश्यक असते. निरोपाआधी बाळाच्या वाढीची आणि आरोग्याच्या नोंदींची लाल वही, फोटो आणि त्याच्या सवयींची टिपणे पुढे जातील याची खात्री करावी. गोपनीय नोंदी सेवेकडे परत द्याव्यात. लगेच पुढचा फोन स्वीकारण्याची सक्ती नसते. काही आठवडे मोकळे मागून घ्यावेत.

इंग्लंडमध्ये मान्यतेनंतर बारा महिन्यांत प्रशिक्षण, आधार आणि विकास मानके पूर्ण करावी लागतात, आणि पहिले वार्षिक पुनरावलोकन पुन्हा पॅनलपुढे जाते. आई आणि वडील दोघांना एकत्र घेणे जमेल का, की एका वेळी एकच पालक बरा, हे तोवर अनुभवाने कळलेले असते. मान्यतेच्या अटी त्याप्रमाणे बदलून मागण्याची ती योग्य वेळ आहे.